लंडनहून लालबागला यायला किती तास

लंडनहून मुंबईला विमानाने यायला किती तास लागतात, हे मी पहिल्यांदा काढलं ते शाळेतल्या पृथ्वीगोलावर, शिवणाच्या रिळाचा पांढरा दोरा ताणून. उत्तर आलं पंधरा तास. मी दोनदा पडताळून पाहिलं आणि दोन्ही वेळा तेवढंच आलं. हे उत्तर एका घराने खरं मानलं, आणि त्यातून पुढे जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावचा. वडील बाजारपेठेत पोती वाहत. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत कुणी पोहोचलं नव्हतं. मी पोहोचलो, मुंबईला आलो, आणि लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका गिरणी कामगाराच्या खोलीत राहू लागलो. हे कुटुंब कोकणातलं. त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकी. काका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. काकींची घरातच खानावळ होती. त्यांच्या गावाकडचे दहा-बारा गडी दोन्ही वेळ तिथे जेवत. मी सकाळी कॉलेजात जाई, दुपारी एका पेढीवर कारकुनी करी आणि रात्री गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास. त्या दिव्याखाली पत्ते खेळणारी मंडळी ठरलेली होती. परीक्षेच्या महिन्यात काकांनी त्यांना खाली पिटाळलं. "माझ्याकडे पोरगा बी. ए. करतोय," असं ते सांगायचे. मी त्यांच्या नात्याचा नव्हतो, जातीचा नव्हतो, गावचाही नव्हतो.

मी पास झालो त्या दिवशी काका मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून फिरून आले. पुढे परळच्या एका शाळेत मला भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी सगळ्यांचा 'मास्तर' झालो. तेव्हापासून मजल्यावरचा प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. तार, कोर्टाचं समन्स, डॉक्टरची चिठ्ठी, गावाकडच्या जमिनीचा उतारा, सगळं. मी प्रत्येकाचा अर्थ सांगत असे. कधीकधी मलाही कळत नसे, पण तसं मी म्हणत नसे. या लोकांनी दिव्याखालची जागा मला दिली होती, ती मी सगळं सांगू शकेन म्हणून, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. 'मला माहीत नाही' म्हणणं मला कृतघ्नपणाचं वाटे. ही एवढी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

काकांना दोन मुलगे. धाकटा गिरणीत बदली कामगार होता. थोरला कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन तीन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला होता आणि तिथल्या एका कारखान्यात उमेदवारी करीत होता. तो गेला बोटीने. धक्क्यावर आम्ही सगळे गेलो होतो. बोटीला अठरा दिवस लागले होते, म्हणून काकींच्या हिशेबी लंडन हे अठरा दिवसांवरचं गाव होतं. त्यांच्या गावी जायला एक दिवस लागे, म्हणजे लंडन त्याच्या अठरापट लांब. असं त्या सगळ्यांना समजावूनही सांगत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आमच्या गॅलरीतून दिवसाआड मोर्चा दिसायचा. त्या फाल्गुनात काकांचा खोकला वाढला. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती कधीचीच भरलेली होती. इस्पितळाने पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या याचा अर्थ मात्र त्या दिवशी मला कुणी विचारला नाही. मी थोरल्याला तार केली. मंगळवारी सकाळी त्याचं उत्तर आलं. मंगळवारी सकाळी दहाच्या विमानाने निघतो, बुधवारी पोहोचतो, एवढंच. कारखान्याच्या मालकाने तिकीट काढून दिल्याचं आम्हाला नंतर कळलं.

मी तार वाचून दाखवली. काकी पदर सावरून माझ्यासमोर बसल्या.

"मास्तरा, बुधवारी म्हणजे किती वाजता?"

"ते त्यात लिहिलेलं नाही काकी."

"मग तू काढ. विमानाक किती वेळ लागता तां काढ. ह्येंका सांगूचा असा."

काका पलीकडे भिंतीला टेकून पडले होते. बोलणं बंद झालं होतं, पण ऐकत होते. नजर माझ्याकडे होती. "दुपारी सांगतो," असं म्हणून मी शाळेत गेलो.

आज कुणीही म्हणेल, विमान कंपनीला विचारायचं. मला ते सुचलंच नाही. विमानाचंही एस. टी.सारखं वेळापत्रक असतं, आणि ते माझ्यासारख्या माणसाने विचारलं तर सांगतात, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. मी तोवर विमान फक्त खालून पाहिलं होतं. परळच्या आकाशात ते सरळ रेघेत जायचं, कुठे वळत नसे, कुठे थांबत नसे. आणि अंकगणिताच्या पुस्तकात मी लहानपणापासून अशीच उदाहरणं सोडवली होती. एक आगगाडी ताशी तीस मैल वेगाने जाते, तर अमुक मैल जायला किती वेळ लागेल? त्या आगगाड्यांना स्टेशनं नसत. इंजिनात पाणी भरावं लागत नसे. तालुक्याच्या शाळेत मला या उदाहरणांत नेहमी पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

मधल्या सुट्टीत मी शिपायाकडून कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून घेतला. धूळ पुसली. लंडनवर दोऱ्याचं एक टोक धरलं, मुंबईवर दुसरं. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून प्रमाण काढलं. साधारण साडेचार हजार मैल आले. विमान ताशी तीनशे मैल जातं असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. पंधरा तास. तिथले सकाळचे दहा, त्यात पंधरा, म्हणजे तिथली रात्रीची एक. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. हे साडेपाच तास लक्षात ठेवून मिळवले याचा मला अभिमानच वाटला. सामानाला, यायला दीड तास धरला. आठ वाजता घरी.

घरी येऊन मी सांगितलं. काकी काकांच्या कानाशी वाकल्या.

"आयकलास? उद्या सकाळी आठाक येतलो. मास्तरान काढल्यान."

काकांनी माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. खरंच का, असं विचारत होते.

"होय काका, आठला. थोडा इकडे-तिकडे."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा जरा सैल झाला. काकींनी मला गूळ घालून चहा दिला आणि म्हणाल्या, "आता ऱ्हवतले. आता आठापर्यंत ऱ्हवतले बघ."

ते राहिले नाहीत. त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला गेले. धाकट्याने चमच्याने पाणी घातलं ते ओठांतून परत आलं.

रडणं ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला तो हा, की आता न्यायचं की थांबायचं. शेजारच्या खोलीत काकांच्या गावचे एक म्हातारे जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत. मजल्यावरचे निर्णय तेच घेत. ते म्हणाले, रात्रीच्या आत उरकून घेऊ, उद्या हरताळ आहे, सामान मिळायचं नाही. पण काकी मध्ये बसून होत्या, त्या म्हणाल्या, "झील येता हा. विमानात बसलोहा. तोंड बघल्याशिवाय मी ह्येंका हलवूक देवचंय नाय. अग्नी थोरल्यान देवचो." मग तात्यांनी मला विचारलं.

"मास्तर, आठ म्हणजे आठ?"

मी आठ म्हणालो. तेव्हा ते साडेआठ पकडू म्हणाले, आणि एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. तिरडीचं सामान दुकानं बंद व्हायच्या आत आणून ठेवलं. धाकटा हातगाडीवरून बर्फाच्या दोन लाद्या घेऊन आला. त्या गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून काकांच्या दोन्ही अंगांना ठेवल्या.

आमच्या मजल्यावरची रीत अशी होती की प्रेत उठेपर्यंत कुणाच्याही खोलीत चूल पेटायची नाही. कोपऱ्यातल्या खोलीत मयत झालं तरी या टोकापर्यंत सगळे तसेच राहायचे. एरवी हा प्रश्न दोन-चार तासांचा असे. त्या मंगळवारी संध्याकाळी कुणाच्याच घरी जेवण झालं नाही. खानावळीतले गडी कामावरून आले, दाराशी हात जोडून उभे राहिले आणि चणे-कुरमुरे खाऊन झोपले. मी त्यांतल्या एकाला सांगितलं, सकाळी नऊपर्यंत सगळं होईल. मी असं बऱ्याच जणांना सांगितलं. लोक येऊन विचारतच होते.

सकाळ झाली. हरताळामुळे गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत, त्यामुळे उजाडलं तरी उजाडल्यासारखं वाटेना. धाकटा सात वाजताच खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आठ वाजले. मी गॅलरीच्या कठड्याशी होतो. रस्ता रिकामा होता, दुकानं बंद, ट्राम नाही, टॅक्सी नाही. वाहनं नसतील म्हणून उशीर होत असेल, असं मी म्हणालो आणि ते लोकांना पटलं. नऊ वाजले. दोन खोल्या पलीकडची तान्ह्याची आई काकींच्या दाराशी येऊन घुटमळली आणि न बोलता परत गेली. तिला पेज हवी होती. इतर मुलं आधी कुरकुरत होती, मग रडायला लागली. हॉटेलं बंद, इराणी बंद, दूधसुद्धा आलं नव्हतं. खानावळीतले गडी जिन्यावर बसून होते. त्यांना एरवी बाहेर कुठेतरी वडा-पाव मिळाला असता असं आज वाटेल, पण तेव्हा तसलं काही मिळत नसे, आणि त्या दिवशी तर पाणी सोडून काहीच नाही.

तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. विडी पेटवली.

"मास्तर, तुमचा विमान वाटेत चाय घेवक थांबला काय?"

जिन्यावरचे दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "मास्तरांच्या विमानाक पण हरताळ."

मीही हसलो. पण तात्या हसले नव्हते. ते खाली पाहत म्हणाले, "बरफ अर्धो झालो."

साडेनऊला मी निघालो. लालबागच्या नाक्यावर एका डॉक्टरचा दवाखाना होता, तो हरताळातही उघडा असे, आणि तिथे टेलिफोन होता. कंपाउंडर माझ्या ओळखीचा; त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने डिरेक्टरीतून विमान कंपनीचा नंबर शोधून दिला. मी आयुष्यात तोवर चार-पाचदाच टेलिफोनवर बोललो असेन. पलीकडचा गृहस्थ इंग्रजीत बोलू लागला. मी इंग्रजीतच विचारलं, लंडनहून सकाळी येणारं विमान आलं का. माझं इंग्रजी ऐकून तो मराठीत आला.

"सकाळी? सकाळी कुठलं? दुपारी चारला उतरतंय. वेळेवर आहे."

"पण ते काल दहाला निघालंय ना? पंधरा तास..."

"पंधरा तास कुणी सांगितले तुम्हाला?"

मी अंतर आणि वेग सांगितला.  मग तो म्हणाला, "अहो, ते मधे चार ठिकाणी उतरतं. पेट्रोल भरतात. माणसं जेवायला उतरतात. वाटही वाकडी आहे, सरळ नाही. नकाशावर पट्टी ठेवून विमान चालत नाही, मिस्टर." तो चांगला माणूस होता, घाईतही त्याने सगळं सांगितलं. चोवीस तासांच्या वर लागतात हे त्याला पाठच होतं.

फोन ठेवल्यावर कंपाउंडरने विचारलं, "आलं का?" मी नाही म्हणालो. त्याने मला स्टूल दिलं. पाणी दिलं. मी प्यालो नाही. वर सगळे उपाशी होते.

परत जायला पाच मिनिटांची वाट होती. मी पंधरा मिनिटं लावली. मनात एकदा असंही आलं की वाहनं बंद आहेत याच्यावरच सगळं ढकलावं आणि थांबा म्हणावं, चूक कुणाला कळणार नाही. पण पायऱ्या चढताना धाकटा सामोरा आला. रात्रभर जागा, डोळे लाल. "कळलं काय?" असं त्याने ज्या विश्वासाने विचारलं, त्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही.

मी काकींच्या समोर बसलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की माझं गणित चुकलं. विमान मधे थांबतं हे मी धरलं नव्हतं. ते दुपारी चारला येणार.

मग तात्या बोलले, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल आठ म्हणालास. आज चार म्हणतस. सांजेक काय सांगतलस? सहा तास आणि?"

काकींनी त्यांना हाताने थांबवलं. गोणपाटाकडे पाहिलं. त्यातून पाणी वाहून मोरीपर्यंत गेलं होतं. बर्फाचा कारखाना बंद होता, दुसरी लादी मिळणार नव्हती, आणि फाल्गुनातलं ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. दाराजवळ बसणाऱ्यांच्या नाकाला ते जाणवायला लागलं होतं. कुणी उदबत्त्या लावत होतं.

त्यांनी मला विचारलं, "मास्तरा, हो आकडो तुझो काय त्येंचो?"

"त्यांचा, काकी. कंपनीने सांगितलाय."

"मग घराक किती वाजता?"

इथे मला उत्तर द्यायचं होतं. चारला विमान उतरतं, तर हरताळ असला तरी कशाने ना कशाने माणूस सहापर्यंत पोहोचेल, हे मला मनात दिसत होतं. सांताक्रूझच्या विमानतळाहून लालबाग काही लंडन नव्हे. तो रस्ता मी पायी चाललो असतो. पण गाड्या बंद, दगडफेक कुठे आणि लाठी कुठे याचा पत्ता नाही. आणि मी एकदा पोळलो होतो. दारात मुलं रडत होती. मला वाटलं, आता परत एक आकडा सांगून हे लोक तसेच बसवले, आणि तोही चुकला तर? त्या सगळ्या वर्षांत जे वाक्य मी त्या मजल्यावर उच्चारलं नव्हतं, ते तेव्हा उच्चारलं.

"ते मला सांगता येणार नाही, काकी."

सहा म्हणालो असतो तर त्या थांबल्या असत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या उठल्या, काकांच्या उशाशी गेल्या, त्यांच्या कपाळावरचा घाम पुसावा तसं बर्फाचं पाणी पदराने पुसलं आणि तात्यांकडे न पाहता म्हणाल्या, "उचला. पोरां उपाशी आसत."

साडेबाराला निघालो. मडकं धाकट्याने धरलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बंद दुकानं आणि मधे आम्ही तीस-चाळीस माणसं. नाक्यावर तरुणांचा एक घोळका घोषणा देत होता. आम्हाला पाहून ते गप्प झाले, टोप्या काढल्या, आणि त्यांतला एकजण पुढे येऊन माझ्या जागी खांदा द्यायला उभा राहिला. मी त्याला जागा दिली. तो स्मशानापर्यंत आला. त्याला कुणाचं मयत आहे हेही ठाऊक नव्हतं.

हरताळामुळे स्मशानात माणसं कमी होती, लाकडं रचायला वेळ लागला. चितेला हात लावण्याआधी धाकट्याने मला विचारलं, "मास्तर, किती वाजले?" मनगटावर घड्याळ माझ्या एकट्याच्याच होतं. मी दोन म्हणालो. त्याने मान हलवली. तो वेळ विचारत होता की अजून थांबता येतं का ते विचारत होता, हे मला कळलं नाही. मग त्याने अग्नी दिला.

घरी आलो, आंघोळी केल्या, कडुनिंबाचं पान चावलं. तात्यांच्या बायकोने भात आणि पिठलं करून आणलं होतं. मजल्यावर सगळीकडे चुली पेटल्या होत्या, धूर जिन्यात भरला होता, आणि इतका वेळ रडणारी मुलं गॅलरीत खेळत होती.

पावणेसहाला थोरला आला. समोरच्या चाळीच्या गच्चीवर अजून ऊन होतं. विमानतळावरून तो एका इस्पितळाच्या गाडीतून दादरपर्यंत आला होता आणि तिथून चालत. लोकरीचा कोट अंगात तसाच, बॅग खांद्यावर. तो जिना चढत होता तेव्हा खेळणारी मुलं बाजूला झाली. चुलींचा वास आला तेव्हाच त्याला समजलं, की एक तर कुणी गेलेलं नाही, नाहीतर उचलून झालं आहे, असं तो नंतर म्हणाला. या मजल्याची रीत त्याला माहीत होती. बाबा जिवंत असतील म्हणून चुली पेटल्या असतील, असं त्याला एका पायरीपुरतं वाटलं होतं, आणि मग दारातलं निंबाचं पान दिसलं.

काकी त्याला मिठी मारून रडल्या. त्याने बॅग ठेवली नव्हती. ती तशीच खांद्यावर धरून त्याने विचारलं, "किती वाजता नेलं?"

"साडेबाराक."

"मग थोडं थांबला नाहीत? मी कळवलं होतं ना बुधवारी येतो म्हणून? कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडलं. तात्यांनीही उघडलं. काकी आम्हा दोघांच्या आधी बोलल्या, "मियाच सांगलंय उचला म्हणान. दुसऱ्या कोणाक काय विचारू नको." तात्यांनी तोंड मिटलं. त्यांनी पुढे कधीही, माझ्या समोर तरी, तो विषय काढला नाही. मजल्यावर कुणीच काढला नाही. एवढंच झालं की त्यानंतर कागद घेऊन माझ्याकडे येणारी माणसं कागद वाचून घेत, पण काय करावं ते तात्यांना विचारत.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला थोरला गेला. दुपारी परत आल्यावर तो, उकाड्यातही तोच लोकरीचा कोट घालून, गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसला. धाकटा आत भिंतीशी होता, त्याला ऐकू जात होतं. थोरल्याने मला बाबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, दोऱ्यापासून दवाखान्यातल्या फोनपर्यंत. माझं गणित चुकलं आणि त्यानंतर मी गप्प बसलो, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. रागावेल असं वाटलं होतं, पण तो रागावला नाही. म्हणाला, "मी पण तारेत पोहोचायची वेळ घातली नाही. दोन शब्द वाचवले." आणि मग काही वेळाने:

"मंगळवारी सहाला गेले म्हणजे तिकडचे साडेबारा. तेव्हा खाली बर्फाचे डोंगर होते. सगळे उठून खिडकीशी गेले होते. मी पण गेलो. छान दिसत होतं."

त्याने कोटाची बाही मनगटावर ओढली.

"आणि अग्नी? अग्नी किती वाजता दिला?"

"का?"

"उतरायच्या आधी दोन तास आम्हाला जेवण दिलं. माझ्या हातावरच्या घड्याळात साडेआठ झाले होते, ते मी इकडच्या वेळेला लावलं नव्हतं. साडेआठ म्हणजे इथले दोन. कोंबडी होती. मी सगळं खाल्लं, मास्तर. भूक लागली होती. गोड पण खाल्लं." तो आपल्या हातांकडे पाहत होता. "वेळ किती झाली होती ते बघितलं होतं का कुणी?"

मी बघितली होती. चोवीस तासांहून मोठ्या त्या प्रवासात आम्ही सगळे जिथे जिथे चुकलो, तिथे तिथे कुणाला तरी वेळ ठाऊक नव्हती. हा एकच क्षण असा होता की ज्याची वेळ मला नक्की माहीत होती.

"एक वाजला होता," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. मी घड्याळ बघितलं होतं."

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "एकला मी झोपलो होतो," तो म्हणाला. "हो. झोपलोच होतो तेव्हा." त्याने कोट काढला. आंघोळीचा वेळ सोडला तर आल्यापासून तो त्याने बहुधा पहिल्यांदाच अंगावेगळा केला असेल. मग तो उठून आत काकींपाशी गेला.

दारात धाकटा उभा होता. स्मशानात त्यानेच मला वेळ विचारली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटलं तो आता बोलणार. तो वाकला, थोरल्याने टाकलेला कोट उचलला, झटकला, आणि खुंटीवर टांगून आत गेला.